शिवनेरी: गडाच्या आधीचा डोंगर

शिवनेरीला येणारे बहुतेक लोक एकाच वाटेने वर जातात. गाडी लावायची, पायऱ्या चढायच्या, एकामागून एक सात दरवाजे ओलांडायचे. वाटेत शिवाई देवीचं दर्शन, वर अंबरखाना, शिवकुंज, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव आणि शेवटी कडेलोटाचं टोक. दोन-तीन तासांत गड बघून होतो. पहिल्या काही खेपांना मीही असाच जाऊन आलो. कड्याच्या पोटातली काळी चौकोनी तोंडं तेव्हाही दिसली होती, पण पहारेकऱ्यांच्या जागा असतील असं समजून पुढे गेलो होतो.

ती तोंडं लेण्यांची आहेत. १९ फेब्रुवारी १६३० ला गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तेव्हाच ती सुमारे दीड हजार वर्षांची जुनी होती. महाराजांच्या आणि आपल्यामध्ये चारशे वर्षांच्या आसपासचं अंतर आहे. महाराज आणि ही लेणी खोदणारे हात यांच्यात त्याच्या जवळजवळ चौपट. शिवनेरीचा इतिहास साधारणपणे यादवांपासून सांगितला जातो. डोंगराच्या हिशेबाने ती बरीच उशिराची गोष्ट आहे.

या डोंगरावर आधी बौद्ध भिक्खूंचा संघ नांदत होता आणि मग गड आला, एवढं एका वाक्यात सांगता येतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जगापासून थोडं दूर राहू पाहणाऱ्या माणसांना जी जागा आवडली, तीच जागा लढणाऱ्यांना का आवडावी? याचं उत्तर कातळात आणि पाण्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कातळ

सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. एक थर वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि एकसंध, काही बुडबुड्यांनी पोकळ झालेले आणि लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीसारखी तांबडी पट्टीही दिसते. ऊन-पाऊस झिजणाऱ्या थराला उतार बनवतो आणि घट्ट थराला सरळ उभा ठेवतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: गवताळ उतार, मग ताशीव कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा.

शिवनेरी तसाच आहे. जुन्नर गावाला लागून, समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फूट उंच, वरून पाहिला तर तिकोनी. माथ्याभोवती उभा कडा आहे. लेणी खोदणाऱ्याला असाच कडा लागतो. एकसंध कातळाची उभी भिंत मिळाली की तो आत शिरतो. आधी छत कोरतो, मग हळूहळू खाली जमिनीपर्यंत येतो. त्यामुळे ना परांची बांधावी लागते, ना छत अंगावर येण्याची भीती असते. किल्ला बांधणाऱ्यालाही हाच कडा हवा असतो, कारण तिथे त्याला तट बांधावा लागत नाही. निसर्गाने उभी केलेली भिंत एकाने आत जायला वापरली आणि दुसऱ्याने कुणाला आत न येऊ देण्यासाठी.

भिक्खू इथे का आले

याला कारण नाणेघाट. कोकणातल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांवर उतरलेला माल देशावर चढवायचा, तर जे मोजके घाट होते त्यातला हा एक मोठा. घाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून लोक तो दाखवतात. घाट चढून आलेल्या बैलांच्या तांड्यांचा पहिला मोठा मुक्काम जुन्नर.

आता आपल्याला वाटतं की भिक्खू म्हणजे रानात, एकांतात राहणारा माणूस. पण बौद्ध भिक्खू शेती करत नाही आणि धान्य साठवत नाही. तो भिक्षेवर जगतो, म्हणून त्याला गाव लागतं. गाव फार जवळ असूनही चालत नाही. सकाळी चालत जाऊन भिक्षा घेता यावी आणि बाजाराचा गलका कानावर येऊ नये, इतकं अंतर हवं. पावसाळ्याचे महिने त्याने फिरू नये असा नियम आहे. त्याला वर्षावास म्हणतात. जुन्नरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाची गरज वेगळी समजवावी लागणार नाही. त्या महिन्यांसाठी न गळणारं छप्पर हवं आणि कातळाच्या छपरासारखं छप्पर नाही.

म्हणूनच जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. उत्तरेला लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, पश्चिमेला तुळजा आणि गावाला खेटून शिवनेरी. एकट्या शिवनेरीवर, वेगवेगळ्या बाजूंच्या कड्यांत मिळून, साठाच्या वर खोदकामं आहेत. काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंतचा.

अजिंठा डोळ्यांसमोर ठेवून कुणी इथे आलं तर हिरमुसेल. इथे मूर्ती नाहीत. हा बौद्ध धर्माचा जुना टप्पा आहे आणि त्यात बुद्धाची मूर्ती करत नसत, स्तूप कोरत. ज्या दालनात स्तूप आहे ते चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. ज्या दालनाभोवती छोट्या खोल्या आहेत तो विहार, म्हणजे राहण्याची जागा. खोलीत कातळातच कोरलेला एक ओटा असतो, झोपण्यासाठी. आणि लेण्याच्या बाहेर, एका कडेला, जमिनीत खोदलेलं पाण्याचं टाकं. लेखांमध्ये या टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. पुढच्या गोष्टीसाठी ही पोढी महत्त्वाची आहे.

शिवनेरीच्या चैत्यगृहाचं छत मात्र सपाट आहे आणि त्यावर रंग शिल्लक आहे. चौकोनांच्या ओळी, प्रत्येक चौकोनात एकात एक वर्तुळं, पांढरा, केशरी, तपकिरी. नक्षी साधीच आहे. पण इतक्या पावसाळ्यांनंतर तो रंग दगडाला धरून आहे, हे पाहिल्यावर मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. याच चैत्यगृहात लेख आहे: वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने हे चैत्यघर सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी दिलं.

हे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. त्या प्राकृताचं आणि आपल्या मराठीचं नातं जवळचं आहे. ‘लेण’ हा शब्द त्या काळच्या लेखांतही येतो आणि आपण आजही लेणंच म्हणतो. बहुतेक लेखांचा साचा ठरलेला असतो: कोण, कुठला, काय दिलं, आणि मग ‘देयधम’, म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान. देणारे राजेच होते असं नाही. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, म्हणजे त्यांचा संघ. त्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणी आहेत, ज्यांच्याकडे दानाची रक्कम ठेवली जाई. करंजाची झाडं लावायला जमीन दिल्याचीही नोंद आहे. मानमोडीवर नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे, तेव्हाच्या कालगणनेतल्या ४६व्या वर्षाचा, त्यात मंडप आणि पोढी दिल्याचं म्हटलं आहे. आणि यवनांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेली माणसं. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला: ‘भोजनमटपो देयधम संघे’. जुन्नरमध्येच इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. कुठला कोण माणूस, घाट चढून आला आणि या डोंगरावरच्या भिक्खूंच्या जेवणाखाणाची, पाण्याची सोय करून गेला.

मधली शांतता

तिसऱ्या शतकानंतर इथले दानलेख थांबतात. सातवाहनांची सत्ता संपली, समुद्रापलीकडचा व्यापार आटला, आणि श्रेण्यांच्या पैशावर चालणारी व्यवस्था त्याबरोबर आटली. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याला लेण्यांचा नवा बहर आला, त्यात मूर्ती आल्या, चित्रं आली. जुन्नरला तसा बहर पुन्हा आला नाही.

शिवनेरीवर गडाचं काम झालं ते यादवांच्या काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, असं मानलं जातं. त्याआधी माथा पूर्ण मोकळा होता असं नाही, पण आज ज्याला आपण गड म्हणतो तो तेव्हापासूनचा. म्हणजे शेवटचा दानलेख आणि गड यांच्यात आठ-नऊशे वर्षांची फट आहे.

एका जुन्या धर्मस्थळावर किल्ला उभा राहिला, असं ऐकलं की मनात लगेच येतं, मग आधीचं पाडलं का? कुणी कुणाला हाकललं का? निदान शिवनेरीपुरतं उत्तर या फटीतच आहे. गड बांधणारे आले तेव्हा इथला संघ कित्येक पिढ्यांपूर्वी विरून गेला होता. आणि पाडायचं म्हटलं तरी पाडणार काय? लेणं म्हणजे इमारत नाही, ती पोकळी आहे. इमारतीचे दगड उचलून तटाला लावता येतात. पोकळी फक्त वापरता येते किंवा तशीच सोडता येते. शिवनेरीवर दोन्ही झालं.

पाणी

किल्ला पाण्यावर टिकतो. तट कितीही मजबूत असो, टाकं कोरडं पडलं की किल्लेदाराला खाली उतरावं लागतं. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी मिळवणं सोपं नाही. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून तो तासाभरात खाली निघून जातो. तो अडवायचा तर कातळात खोदावं लागतं, आणि खोदायचं ते अशा थरात की जिथून पाणी झिरपून जाणार नाही. थोडं खोल, तोंडाला निमुळतं किंवा वर कातळाचंच छत ठेवलेलं, आत खांब राखलेले. सावलीमुळे पाणी उन्हाळ्यात उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरतं.

हे तंत्र गडकऱ्यांनी शोधलेलं नाही. पोढी म्हणजे हेच. भिक्खूंसाठी काम करणाऱ्या पाथरवटांना कुठला थर पाणी धरतो, कातळावर पडलेलं पाणी पन्हळीने टाक्यात कसं आणायचं, याचं ज्ञान सातवाहन काळातच होतं. माथ्यावरच्या गंगा-जमुना टाक्यांचं गार, स्वच्छ पाणी पिताना मला कायम या सलगतेचं नवल वाटतं. एका माणसाने छिन्नीने दुसऱ्या माणसाला शिकवलं, त्याने तिसऱ्याला, असं हजार वर्षं चाललं असल्याशिवाय हे पाणी इथे नसतं. सातवाहनांचं काय आणि यादवांचं काय, टाकं खोदणारा पाथरवट याच मुलखातला होता.

वाटांचंही तसंच. कड्यातल्या लेण्यांपर्यंत जायला पायऱ्या खोदाव्या लागतात. आज ज्याला साखळीची वाट म्हणतात ती जुन्नरच्या बाजूने थेट कातळभिंतीशी येते, खोदलेल्या पायऱ्या आणि साखळी धरून वर चढते, आणि लेण्यांच्या शेजारून जाते. सात दरवाजांची वाट ही लष्कराची वाट आहे: वळणावळणाची, प्रत्येक वळणावर वरून मारा करता येईल अशी. साखळीची वाट चढताना डोंगराचं जुनं रूप जास्त कळतं.

आणि घाट. भिक्खू नाणेघाटाच्या वाटेवर आले कारण तिथे दाते होते. किल्ला तिथेच आला कारण त्या वाटेवर जकात होती. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी ही किल्ल्यांची माळच नाणेघाटापासून जुन्नरपर्यंत ओवलेली आहे.

शिवाई

गडाच्या वाटेवर शिपाई दरवाजानंतर शिवाई देवीचं मंदिर लागतं. जिजाऊंनी देवीला नवस केला, तिच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं, अशी परंपरा आहे. मंदिरामागच्या कड्यात सहा-सात लेणी आहेत. देवी बसली ती भिक्खूंच्या शेजारी.

जुन्नरला हे सगळीकडे दिसतं. लेण्याद्रीचा गिरिजात्मज अष्टविनायकांपैकी एक, आणि त्याचं देऊळ म्हणजे वीस खोल्यांचा, मधे एकही खांब नसलेला बौद्ध विहार आहे. तुळजा लेण्यात तुळजाभवानी आहे. मानमोडीच्या एका गटाला अंबिकेचं नाव आहे. मुंबईहून पुण्याकडे येताना कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरा. डोंगरातली एखादी जागा एकदा पवित्र मानली गेली की धर्म बदलला तरी माणसं तिथे यायची थांबत नाहीत. हे मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा या देवळांच्या पायऱ्यांवर जास्त कळलं.

गड झाल्यानंतर

यादवांनंतरचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. बहमनी काळात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. जुन्नर हे खडकाच्या बेटावर आहे, माणसाने नव्हे तर देवाने घडवलेलं, वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघं शेजारी चालू शकत नाहीत, असंही तो लिहितो. हे वर्णन शिवनेरीलाच लागू पडतं. भिक्खूंच्या कड्याची ही एका परदेशी माणसाने लष्करी नजरेने घेतलेली नोंद.

मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरमधून. मग १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवलं आणि राजधानी तिकडे नेली. १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशहाच्या दरबारात हत्या झाली, मोगल दख्खनवर चालून येत होते, आणि गर्भवती जिजाऊंना सुरक्षित ठेवायचं होतं. शिवनेरीचे विश्वासराव भोसल्यांचे सोयरे होते. म्हणून शहाजीराजांनी जिजाऊंना या गडावर ठेवलं. बाळंतपणासाठी निवडलेली जागा म्हणजे वाट अवघड, पाणी भरपूर आणि माणसं आपली.

पुढे १६३७ च्या सुमारास गड मोगलांकडे गेला आणि महाराजांच्या हयातीत परत आलाच नाही. १६५० मध्ये इथल्या महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला. पकडलेल्या कोळ्यांची मुंडकी माथ्यावर जिथे उडवली, तिथे कोळी चौथरा आहे. जन्मस्थानाकडे जाणारे फार थोडे तिथे वळतात. वळायला हवं. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री जुन्नर शहरावर छापा घालून मोठी लूट नेली, पण गड हाती आला नाही. १६७३ मध्ये किल्लेदाराला फितवण्याचा प्रयत्न झाला, तोही फसला. त्याच दशकात जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य गड पाहून गेला आणि हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका शिधा इथे असल्याचं त्याने नोंदवलं. ज्याने एवढे गड घेतले त्याला स्वतःचा जन्मगड घेता आला नाही, याचं एक मोठं कारण तो कडा आणि ते पाणी हेच आहे.

मराठ्यांकडे गड अठराव्या शतकात आला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे. नावाप्रमाणेच ती यादी लष्करी वारशाची आहे. चिटाचा भोजनमंडप आणि वीरसेनकाचं चैत्यघर त्याच डोंगरावर आहेत, आणि गडावर येणाऱ्या हजारो लोकांपैकी त्यांच्यापर्यंत मूठभरच पोचतात. मला हे मनापासून खटकतं. रोषणाई, बाग, नव्या पायऱ्या हे सगळं जन्मस्थानाच्या वाटेवर होतं, आणि कड्यातल्या छतावरचा रंग प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा उतरत राहतो.

लेणी पाहायची असतील तर हिवाळ्यात, सकाळच्या उन्हात जावं. जुन्नरच्या बाजूच्या कड्यावर तेव्हा उजेड आतपर्यंत येतो. वाट निसरडी आणि जागोजागी तुटलेली आहे, म्हणून माहीतगार माणूस सोबत घ्यावा. कड्यावर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. भिंतीवर अक्षरं दिसली तर त्यांवर हात फिरवू नये, पाणी किंवा खडू लावून ती उठवायचा प्रयत्न करू नये. तिरप्या उजेडात ती आपोआप वाचण्याजोगी होतात.